फियाटच्या चिमुकल्या गाड्यांना विंचवाचा डंख देणारा माणूस: कार्लो अबार्थ

हदगाव असो, उमरखेड असो नाहीतर उदगीर, तालुक्याच्या गावातल्या कुठल्याही गॅरेजवर अर्धा तास बसलं की एक तक्रार हमखास कानावर पडते. गाडीला पिकअप नाही, चढाला ओढत नाही. मग मेकॅनिक कार्बोरेटर खोलतो, पेट्रोलने धुतो, जेटच्या बारीक भोकात हवा मारतो, स्क्रू अर्धा फेरा इकडे, पाव फेरा तिकडे करतो आणि गाडी पुन्हा नीट चालायला लागते.

एप्रिल 2020 मध्ये बीएस-6 आलं आणि नव्या मोटारसायकलींमधूनही कार्बोरेटर जवळपास गायब झाला. जुन्या गाड्यांवर तो अजून जिवंत आहे. आणि अशा गॅरेजवर आठवड्याला एखादा तरी पोरगा येतोच, ज्याला आहे त्याच इंजिनातून जास्त ताकद हवी असते. त्याची आयडिया सोपी असते. मोठा कार्बोरेटर बसवायचा, जास्त पेट्रोल जाईल, गाडी पळेल.

गाडी पळत नाही. ॲव्हरेज मात्र पळून जातं.

असं का होतं, हे ज्याला पक्कं ठाऊक होतं आणि ज्याने त्या माहितीवर अख्खा कारखाना उभा केला, त्या माणसाचं नाव कार्लो अबार्थ. जगभरातले गाडीवेडे त्याला विंचवाच्या बिल्ल्यावरून ओळखतात.

व्हिएन्नाचा कार्ल

15 नोव्हेंबर 1908. ऑस्ट्रियाच्या राजधानीत, व्हिएन्नात, कार्ल अबार्थचा जन्म झाला. पाश्चात्य ज्योतिषात रास सूर्यावरून धरतात, त्या हिशोबाने तो वृश्चिक राशीचा. (आपल्याकडे रास चंद्रावरून काढतात, त्यामुळे आपल्या पंचांगात त्याची रास कदाचित वेगळीच निघेल. पण बिल्ला ठरला तो सूर्याच्या राशीवरून.)

लहानपणीची त्याची एक गोष्ट नेहमी सांगितली जाते. गल्लीतल्या मोठ्या पोरांशी लाकडी स्कूटरची शर्यत लागायची आणि हा हरायचा. मग त्याने लाकडी चाकांवर चामड्याचा पट्टा गुंडाळला. चाकांना पकड आली आणि पुढची शर्यत त्याने जिंकली. गोष्ट थोडी तिखटमीठ लावलेली असेल. पण पुढे आयुष्यभर तो हेच करत राहिला. गाडी तीच, बदल छोटा, निकाल वेगळा.

विशीत तो मोटारसायकलच्या दुकानात मेकॅनिक होता. 1928 मध्ये एक स्वार आजारी पडला आणि अबार्थला त्याच्या जागी गाडी चालवायला मिळाली. सरावात त्याने कंपनीच्या नावाजलेल्या स्वारांपेक्षा चांगली वेळ दिली. ते कंपनीतल्या लोकांना फारसं पचलं नाही. शेवटी त्याने नोकरी सोडली, एक जुनी मोटारसायकल विकत घेतली, स्वतःच्या हाताने ती तयार केली आणि त्याच वर्षी शर्यत जिंकून दाखवली.

दोन वर्षांत पहिला मोठा अपघात झाला. 1930 मध्ये लिंझ गावी तो शर्यतीत पडला. शरीर इतकं मोडलं की दोन चाकांवरची रेसिंग संपली. दुसरा कोणी असता तर दुकान टाकून बसला असता. हा साइडकारकडे वळला, म्हणजे शोले सिनेमात जय-वीरू फिरवतात तशा बाजूला डबा जोडलेल्या मोटारसायकलीकडे.

1934 मध्ये त्याने त्या साइडकारवर थेट ओरिएंट एक्स्प्रेसला आव्हान दिलं. ही त्या काळातली युरोपातली सगळ्यात गाजलेली रेल्वे. बेल्जियममधल्या ओस्टेंडपासून व्हिएन्नापर्यंत सुमारे 1300 किलोमीटर, एका बाजूला आगगाडी आणि दुसऱ्या बाजूला तीन चाकांवरचा अबार्थ. पहिल्या वेळी थोडक्यात हरला. बिघाड दुरुस्त करून पुन्हा गेला आणि रेल्वेच्या आधी पोहोचला.

मग तो युगोस्लाव्हियात, लुब्लियाना शहरात राहायला गेला. तिथे 1930 च्या दशकाच्या अखेरीस दुसरा अपघात झाला, पहिल्याहून भयंकर. कित्येक महिने दवाखान्यात गेले. व्यावसायिक रेसर म्हणून त्याची कारकीर्द इथे थांबली. तेव्हा त्याचं वय जेमतेम तीस होतं. पाठोपाठ दुसरं महायुद्ध पेटलं.

कार्लचा कार्लो कसा झाला?

युद्ध संपल्यावर तो इटलीत गेला. त्याच्या वडिलांकडचं मूळ तिकडच्याच मेरानोचं. तिथे तो इटालियन नागरिक झाला आणि कार्लचा कार्लो झाला.

त्याची फर्डिनांड पोर्शे यांच्या घराण्याशी ओळख होती. त्या ओळखीतून तो तुरिनच्या सिसिटालिया कंपनीशी जोडला गेला. पिएरो दुसिओ नावाच्या उद्योगपतीची ही कंपनी फियाटचे सुटे भाग वापरून देखण्या रेसिंग गाड्या बनवायची. दुसिओने पोर्शेच्या लोकांकडून एक अतिशय महागडी ग्रां प्री गाडी बनवून घ्यायला घेतली आणि त्या खर्चाने कंपनीच बुडाली. दुसिओ अर्जेंटिनाला निघून गेला. अबार्थच्या वाट्याला काही गाड्या आणि सुट्या भागांचा ढीग आला.

त्या ढिगावर 31 मार्च 1949 रोजी अबार्थ अँड कंपनी सुरू झाली. भागीदार होता ग्विदो स्कालियारिनी नावाचा तरुण रेसर, घरचा पैसा असलेला. सुरुवात बोलोन्यात झाली आणि लवकरच बस्तान तुरिनला, म्हणजे फियाटच्या दारातच हललं. बिल्ल्यावर विंचू आला.

पुढच्याच वर्षी, 10 एप्रिल 1950 ला, सिसिलीमधल्या पालेर्मोजवळच्या मोंते पेल्लेग्रिनोच्या घाटातल्या शर्यतीत अबार्थची गाडी चालवायला तात्सिओ नुव्होलारी बसला. इटलीत हे नाव म्हणजे आपल्याकडे गावसकर. वय 57, फुप्फुसं पार खराब झालेली. तरी त्याने आपल्या वर्गात पहिला नंबर काढला. ही नुव्होलारीची शेवटची शर्यत ठरली.

नाव झालं. पण रेसिंगने कधी कुणाचं पोट भरलंय का? स्कालियारिनीच्या घरचा पैसाही कायम पुरणार नव्हता. कामगारांचे पगार द्यायचे होते. अबार्थने मग धंद्याची गाडी वेगळ्याच रुळावर नेली आणि सायलेन्सर विकायला सुरुवात केली.

सायलेन्सरवाला

आज आपल्याकडे फटफट आवाज करणारे सायलेन्सर पोलीस जप्त करतात आणि फोटोग्राफर बोलावून त्यांच्यावर रोडरोलर फिरवतात. अबार्थचा सायलेन्सर या जातीचा नव्हता. आवाज भारदस्त होता आणि लोकांना तो आवडायचा, हे खरं. पण खरं काम आतलं होतं.

इंजिन म्हणजे श्वास घेणारा पंप. हवा आणि पेट्रोल आत घ्यायचं, जाळायचं, धूर बाहेर टाकायचा. कंपनीच्या साध्या सायलेन्सरमध्ये धुराला खूप वळणं घ्यावी लागायची. धूर पूर्ण बाहेर पडला नाही तर पुढच्या खेपेला ताजं मिश्रण आत यायला जागा कमी. अबार्थने धुराची वाट जवळजवळ सरळ केली. ताकद थोडी वाढली, पण ती गाडी चालवणाऱ्याला जाणवायची.

काळ्या रंगाचा, चमकत्या तोंडाचा हा सायलेन्सर तुफान खपला. मोठ्या गाड्यांसाठी खपला, तसाच छोट्या गाड्यांसाठीही. 1962 या एका वर्षात कंपनीने अडीच लाखांहून जास्त सायलेन्सर बनवले आणि त्यातले निम्म्याहून जास्त परदेशात गेले. शर्यतींचा खर्च या नळकांड्यांनी उचलला.

पण अबार्थचं खरं नाव झालं ते लाकडी पेटीमुळे.

पेटीत भरलेली ताकद

मार्च 1955 मध्ये फियाटने जिनिव्हाच्या प्रदर्शनात फियाट 600 आणली. युद्धात होरपळलेल्या इटलीतल्या साध्या कुटुंबाला परवडेल अशी, मागे इंजिन असलेली, चार माणसं बसतील अशी गाडी. 633 सीसी, ताकद जेमतेम 22 हॉर्सपॉवर, वेग ताशी 95 किलोमीटरच्या आसपास. आजची 125 सीसीची बाइक साधारण 11 हॉर्सपॉवर देते. म्हणजे दोन बाइकची ताकद आणि त्यात अख्खं कुटुंब, वर सामान.

लोकांनी गाडी डोक्यावर घेतली. इटलीत ती 26 लाखांहून जास्त बनली. आणि जितके मालक, तितकीच तक्रार: चढाला ओढत नाही.

अबार्थने या गाडीसाठी बदलाचं किट काढलं. लाकडी पेटीत सगळे भाग भरलेले. पेटी घ्यायची, आपल्या गावच्या मेकॅनिककडे न्यायची आणि आहे तीच गाडी बदलून घ्यायची. नवी गाडी घ्यायची ऐपत नसलेल्या माणसाला त्याने त्याच्याच जुन्या गाडीतून नवी गाडी काढून दिली.

पेटीत काय होतं, हे जरा थांबून पाहण्यासारखं आहे. कारण सुरुवातीच्या पोराच्या प्रश्नाचं उत्तर त्यातच आहे.

आधी कार्बोरेटरचं काम समजून घेऊ. इंजिन हवा ओढतं. ती हवा कार्बोरेटरच्या मधोमध असलेल्या अरुंद घशातून जाते. बागेला पाणी घालताना पाइपच्या तोंडावर अंगठा दाबला की धार जोरात सुटते, तसंच अरुंद जागेत हवेचा वेग वाढतो. वेग वाढला की तिथला दाब पडतो. दाब पडला की शेजारच्या वाटीतलं पेट्रोल जेटच्या भोकातून आपोआप वर खेचलं जातं आणि फवारा होऊन हवेत मिसळतं. ना पंप, ना कॉम्प्युटर. एक किलो पेट्रोल नीट जाळायला साधारण 14.7 किलो हवा लागते आणि हे प्रमाण सांभाळायचं काम त्या बारीक जेटचं.

आता घसा मोठा केला तर? हवेला वाट मोठी मिळते, जास्त आरपीएमला इंजिन गुदमरत नाही. पण इंजिन तेवढी हवा ओढणारं नसेल तर मोठ्या घशातून हवा रेंगाळत जाते, वेग पडतो, पेट्रोल नीट खेचलं जात नाही. ॲक्सिलरेटर दाबला की गाडी आधी अडखळते, मग पुढे जाते. मग मेकॅनिक जेट मोठं करतो, प्लग काळा पडतो, ॲव्हरेज संपतं. हदगावच्या पोराची गाडी नेमकी इथे अडकते.

अबार्थने मोठा कार्बोरेटर बसवला, पण तो एकटा कधीच बसवला नाही. फियाट 600 चा मूळ कार्बोरेटर वेबर कंपनीचा, 22 मिलिमीटरचा. अबार्थने 32 मिलिमीटरचा वेबर दिला. आकडा फक्त दहाने वाढला असं वाटेल, पण गोल भोकाचं क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाने वाढतं. म्हणजे हवेची वाट दुपटीहून मोठी झाली.

मग ती हवा ओढायला इंजिनही तसंच हवं. पिस्टन 60 चे 61 मिलिमीटरचे झाले. नवा क्रँकशाफ्ट आला आणि पिस्टनची वर-खाली धाव 56 वरून 64 मिलिमीटर झाली. 633 सीसीचं इंजिन 747 सीसीचं झालं. कॅमशाफ्ट बदलला, म्हणजे व्हॉल्व्ह जास्त वेळ उघडे राहू लागले. कॉम्प्रेशन वाढवलं. आणि धूर बाहेर काढायला अबार्थचा तो सायलेन्सर होताच.

निकाल? 22 ची 40 हॉर्सपॉवर झाली. वेग 95 वरून 130 च्या आसपास.

हा आकडा आपल्याकडच्या एका ओळखीच्या गाडीशी ताडून बघा. मुंबईत कुर्ल्याला वालचंद समूहाची प्रीमियर ऑटोमोबाइल्स फियाट 1100 बनवायची. त्याआधीच्या, पुढून सोंडेसारख्या निघालेल्या मॉडेलला मुंबईकर डुक्कर फियाट म्हणायचे, आणि शेवटी तीच 1100 प्रीमियर पद्मिनी झाली. काळी-पिवळी टॅक्सी म्हणून ती 2023 पर्यंत मुंबईच्या रस्त्यावर होती. पद्मिनीचं इंजिन 1089 सीसीचं, ताकद सुमारे 40 हॉर्सपॉवर. जी ताकद आपल्याला 1990 च्या दशकातही 1089 सीसीतून मिळत होती, ती अबार्थने 1950 च्या दशकात 747 सीसीतून काढली होती.

पद्मिनीवरही असे प्रयोग झाले, नाही असं नाही. मद्रासजवळच्या शोलावरमच्या जुन्या धावपट्टीवर शर्यती व्हायच्या, तिथे कार्बोरेटर बदललेल्या फियाट धावायच्या. रस्त्यावरच्या गाडीचं मात्र वेगळं आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 मूळ रचनेत मनासारखे बदल करू देत नाही आणि 2019 मध्ये सुप्रीम कोर्टानेही यावर कडक भूमिका घेतली. त्यामुळे पेटी आणायची, मेकॅनिककडे न्यायची, हा प्रकार आपल्याकडे सरळ नाही.

सात दिवस, सात रात्री

1957 मध्ये फियाटने 600 पेक्षाही छोटी गाडी काढली, फियाट 500. दोन सिलिंडर, 479 सीसी, 13 हॉर्सपॉवर. दाराच्या काचासुद्धा खाली होत नव्हत्या. लोकांना वाटलं, एवढे पैसे देऊन हे काय घ्यायचं? गाडी खपेना.

अबार्थने तीच गाडी घेतली, इंजिन तयार केलं आणि फेब्रुवारी 1958 मध्ये मोंझाच्या ट्रॅकवर सोडली. चालक बदलत राहिले, गाडी थांबली नाही. सात दिवस आणि सात रात्री. एकूण 18,186 किलोमीटर, सरासरी वेग ताशी 108 किलोमीटर. नांदेडहून मुंबईला जाऊन यायच्या पंधरा फेऱ्या, त्याही सलग, आणि घाटात दमणाऱ्या अर्धा लिटरच्या इंजिनावर. कडाक्याच्या थंडीत.

फियाटचे साहेब हलले. ज्या गाडीला लोक खेळणं म्हणत होते, तिची याहून चांगली जाहिरात पैसे टाकूनही झाली नसती. फियाटने अबार्थशी करार केला: फियाटवर आधारलेल्या गाडीने शर्यत जिंकली किंवा विक्रम केला की अबार्थला पैसे मिळणार. जिंकलं तर उत्पन्न, हरलं तर खर्च डोक्यावर. अबार्थसारख्या माणसाला यापेक्षा गोड करार दुसरा कुठला असणार? आणि धोक्याचाही.

त्यानंतरची दहा वर्षं विंचवाचीच होती. अमेरिकेत त्याच्या गाड्या आणून शर्यतीत उतरवणाऱ्यांत माजी राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांचा मुलगा होता. 1963 मध्ये फियाट 500 वरून अबार्थ 595 आली. 13 च्या घरातली ताकद 27 वर आणि वेग 120 वर. तिच्यावर सोलेक्सचा 28 मिलिमीटरचा कार्बोरेटर होता. सोलेक्स हे नाव आपल्याकडच्या जुन्या मेकॅनिकनाही अनोळखी नाही.

600 वरून बनलेल्या शर्यतीच्या गाड्यांची एक खूण सगळ्यांना पाठ होती. मागचं इंजिनचं झाकण उघडं, काठी लावून टेकवलेलं. आधी ते इंजिन तापू नये म्हणून होतं. मग लक्षात आलं की त्याने हवेचा प्रवाहही सुधारतो. मग झाकण कायमचं उघडंच राहिलं. या डब्यासारख्या गाड्या मोठमोठ्या गाड्यांच्या मागे लागायच्या तेव्हा स्टँडमधले लोक उभे राहायचे.

30 किलो आणि सफरचंदं

ऑक्टोबर 1965. अबार्थ 57 वर्षांचा व्हायला काही आठवडे बाकी होते. दोन अपघातांनी मोडून जोडलेलं शरीर, वर सुटलेलं वजन. कंपनीने विक्रमासाठी एक लिटर इंजिनाची, एका माणसाची, चिरूटासारखी निमुळती गाडी बनवली होती. ती स्वतः चालवायची असं त्याने ठरवलं. अडचण एकच, तो त्या गाडीत मावत नव्हता.

गाडी रुंद करता आली असती. पण गाडी रुंद केली की हवेचा विरोध वाढतो आणि विक्रम हुकतो. मग त्याने स्वतःलाच कमी केलं. मुख्यतः सफरचंदं खाऊन त्याने सुमारे 30 किलो वजन उतरवलं. 20 ऑक्टोबरला मोंझावर तो त्या गाडीत शिरला आणि थांबलेल्या अवस्थेतून पाव मैल आणि 500 मीटर अंतराचे आपल्या वर्गातले विक्रम मोडले. पंचवीसेक वर्षांपूर्वी ज्याची रेसिंग संपली असं ठरलं होतं, त्याच माणसाने.

पण हिशोबाची वही वेगळंच सांगत होती. 1960 च्या दशकाच्या शेवटी अबार्थ स्वतःच्या, जास्त मोठ्या आणि जास्त महाग रेसिंग गाड्यांमध्ये पैसा घालत होता. लोकांच्या गाड्या पळवून कमावलेलं तिकडे जात होतं. दुसिओची कंपनी ज्या वाटेने बुडाली ती वाट त्याने जवळून पाहिली होती, तरी पाऊल तिकडेच पडलं.

31 जुलै 1971 ला त्याने कंपनी फियाटला विकली. रेसिंग प्रोटोटाइपचं काम एन्झो ओसेला यांच्याकडे गेलं आणि अबार्थ हा फियाटचा स्पर्धा विभाग झाला. त्या विभागाच्या फियाट 131 अबार्थने 1977 आणि 1978 ला जागतिक रॅलीचं विजेतेपद मिळवलं. तिसरं 1980 मध्ये आलं. ते बघायला कार्लो अबार्थ नव्हता. तो व्हिएन्नाला परतला होता आणि 24 ऑक्टोबर 1979 रोजी तिथेच वारला. पाश्चात्य पंचांगाने पाहिलं तर मेला तोही वृश्चिक राशीतच.

विंचवाचा बिल्ला महाराष्ट्रातही लागून गेला, हे फार जणांना माहीत नसतं. 2015 मध्ये पुण्याजवळच्या रांजणगावच्या कारखान्यातून अबार्थ पुंटो बाहेर पडली. 1.4 लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन, 145 हॉर्सपॉवर, किंमत दिल्लीत एक्स-शोरूम दहा लाखांच्या आत. काही वर्षांत फियाटने भारतात गाड्या विकणं बंद केलं आणि तीही थांबली. सेकंड हँड बाजारात विंचू लावलेली पुंटो दिसली की गाडीवेडे अजूनही थबकतात, बॉनेट उघडून बघतात. आत टर्बो आहे, सेन्सर आहेत, कॉम्प्युटर आहे. कार्बोरेटर तेवढा नाही.